टिंब कुणी दिलं?

तुमच्या घरासमोरच्या भिंतीवर मागच्या निवडणुकीत कुणाचं नाव होतं, हे झोपेतून उठवलं तरी तुम्ही सांगाल. पण ते नाव रंगवलं कुणी? रंगाचे डबे आले कुणाच्या पैशाने? आता का गप्प? गल्ली तुमची, भिंत तुमची, मत तुमचं, आणि एवढं साधं विचारायचं तुम्हाला कधी सुचलं नाही. असू द्या. टिंबनानांनाही सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं ते राग आल्यावर, आणि राग आला तोही भलत्याच कारणाने.

टिंबनाना पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, जे येईल ते. कानामागे ब्रश, नखांत कायमचा कुठला ना कुठला रंग, आणि नाकावर माशी बसू न देण्याचा स्वभाव. छापील फ्लेक्सचा विषय काढला की संपलंच. "फ्लेक्सला वास असतो का?" ते विचारायचे. "रंगाला असतो. पाटी लावल्यावर चार दिवस दुकानदाराला वासानेच कळत राहतं, की आपण नवे झालो."

टिंब हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या एका नियमामुळे. शिकाऊ उमेदवारीच्या काळात त्यांनी एका गाण्याच्या बाईंची पाटी रंगवली होती आणि 'संगीत'वरचा अनुस्वारच विसरले होते. 'सगीत वर्ग' वाचून बाईंनी भर रस्त्यात असा काही वरचा सूर लावला, की त्या दिवसापासून नानांनी ठरवलं, टिंब आपण द्यायचंच नाही. सगळी अक्षरं आपली, शेवटचं टिंब गिऱ्हाईकाचं. गिऱ्हाईकाने आधी पाटी मोठ्याने वाचायची, मग अंगठा रंगात बुडवायचा आणि अनुस्वाराच्या जागी टेकवायचा. मजकुरात अनुस्वारच नसेल तर शेवटी पूर्णविराम. एकदा का अंगठा टेकला, की नंतर चूक काढायला तोंड उरत नाही. लोकांना यात गंमत वाटायची. टर्पेंटाइनच्या फडक्याला अंगठा पुसत पुसत मोठमोठे दुकानदार लहान मुलांसारखे हसायचे. नाना प्रत्येकाला न चुकता म्हणायचे, "वा! एवढं गोल टिंब आयुष्यात पाहिलं नाही."

मागच्या निवडणुकीत किल्ली चिन्हावर उभे राहिलेल्या उमेदवारांनी नानांना बोलावलं. सगळे त्यांना किल्लीसाहेब म्हणत. बोलायला गोड, दिसायला ऐटबाज, आणि आपण जे करतो ते छानच होतं यावर गाढ विश्वास. त्यांची घोषणा होती, 'खरं तेच बोलणार'. वॉर्डातल्या मोक्याच्या सगळ्या भिंती नानांनी रंगवल्या. रंगाचे डबे एका बांधकाम ठेकेदाराच्या टेम्पोतून उतरले. नानांनी रंगाची जात तेवढी पाहिली, टेम्पो कुणाचा ते पाहिलं नाही. पहिली आणि सगळ्यात मोठी भिंत बर्फाच्या कारखान्याची. तिच्यावरच्या 'खरं'चं टिंब द्यायला साहेब स्वतः शिडीवर चढले. खाली नानांची बायको शिडी धरून उभी. साहेबांनी अंगठा जरा जास्तच बुडवला, उत्साहाने दाबला, आणि टिंबातून एक ओघळ थेट 'र'च्या पोटापर्यंत आला. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, "वा! एवढं गोल टिंब आयुष्यात पाहिलं नाही." पैसे रोख मिळाले, वर चहा. किल्लीसाहेब निवडून आले. विषय संपला.

संपला असता. पण नानांच्या बायकोचं निवडणूक कार्यालयासमोरच झेरॉक्सचं दुकान. सगळे तिला झेरॉक्सकाकू म्हणतात. निवडणूक झाली की प्रत्येक उमेदवाराला आपला खर्च जाहीर करावा लागतो. कुणाकडून काय मिळालं, कशावर किती गेलं, सगळं. तो कागद कार्यालयाच्या फलकावर लागतो आणि मागेल त्याला त्याची प्रत मिळते. प्रती निघतात काकूंच्या यंत्रावर. यंत्रातून उलटा येणारा कागद उलटाच वाचायची काकूंची जुनी सवय. त्या दुपारी नाना डबा घेऊन दुकानात आले, तर काकू खुर्चीत बसून एकट्याच हसत होत्या.

"अहो, अभिनंदन! तुम्ही हौशी झालात."

"काय झालो?"

काकूंनी वाचून दाखवलं. "भिंतीवरील लेखन. हौशी कार्यकर्त्यांनी स्वखुशीने केले. खर्च शून्य."

नानांचा घास तोंडाशीच थांबला. "हौशी? मी हौशी? ते 'बोलणार'चं 'ण' बघ जाऊन! हौशी माणसाच्या बापाला येईल का तसं 'ण'?"

"हळू बोला, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईकालाही ऐकू दे!"

काकूंना तोवर गंमतच वाटत होती. संध्याकाळी नाना ग्रंथालयातून परत आले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बघून गंमत संपली. नव्या सार्वजनिक ग्रंथालयाची मोठी पाटी नानांनाच मिळणार होती. उतरत्या वयातलं मनासारखं काम. ती पाटी ते मनातल्या मनात रोज रंगवत होते. आता ग्रंथपाल बाई अवघडून म्हणाल्या होत्या, "नाना, मला वाईट वाटतंय. पण समितीतल्या वकिलांनी फलकावर वाचलं, की किल्लीसाहेबांची पोरं भिंती हौसेने फुकट रंगवतात. म्हणाले, इतकं सुरेख काम फुकट होत असेल तर पेंटर कशाला?"

"म्हणजे माझं काम बघून मलाच नको म्हणाले!" नाना घरात येरझाऱ्या घालत होते. "मी तक्रार करणार."

"करा की. पण पुढच्या निवडणुकीत दारात एक उमेदवार उभा राहणार नाही, हे धरून चाला," काकू म्हणाल्या. "राजकारण्यांना तोंड उघडणारा पेंटर नको असतो."

नाना थांबले. निवडणुकीची कामं गेली तर मोठा घास जाणार, हे त्यांनाही कळत होतं. थोडा वेळ नखांतला रंग कोरत बसले. मग म्हणाले, "अगं, आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली. माझं नाव कुठे लिहिलंय? त्या कागदावर लिहायची जागा होती, तिथे यांनी हौशी लिहिलं."

काकूंनी यावर वाद घातला नाही. "उद्या तुमची तक्रार मी टाइप करते," त्या म्हणाल्या. "पण तिथे भडकायचं नाही. भडकलात की माणसं तुमचा राग बघतात, मुद्दा राहतो बाजूला."

सुनावणी कार्यालयाच्या तळमजल्यावर. लाकडी बाकं, घरघरणारा पंखा, आणि टेबलामागे खर्च तपासणाऱ्या अधिकारी बाई. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज शांत. एका बाजूला किल्लीसाहेब आणि त्यांचे हिशेबनीस. मागच्या बाकावर अर्धी गल्ली, कारण काकूंच्या दुकानातून बातमी फुटणार नाही तर कुठून फुटणार?

"तुमची तक्रार काय?" बाईंनी विचारलं.

"मला हौशी म्हणालेत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पैसे बुडवले का तुमचे?"

"छे हो! रोख दिले. वर चहा पाजला. पैशाच्या बाबतीत माणूस चोख आहे."

मागे हशा पिकला. हिशेबनीसांना मात्र घाम फुटला. बाईंनी पेन उचललं. "पैसे दिले म्हणता? कागदावर तर शून्य आहे."

"मॅडम, कुणीही येऊन सांगेल मी रंगवलं," हिशेबनीस घाईघाईने म्हणाले. "पावती आहे का यांच्याकडे?"

पावती नव्हती. भिंतीच्या कामाची पावती कोण फाडतं? किल्लीसाहेब उठले, हात जोडले, आवाजात साखर घातली. "नानांबद्दल मला आदर आहे. पण वय झालंय, गोंधळ होतो. त्या भिंती आमच्या पोरांनी प्रेमाने रंगवल्या. मी तर प्रचारात इतका गुंतलो होतो, की त्या भिंतींकडे फिरकलोसुद्धा नाही."

वय झालंय! नानांच्या कानशिलाची शीर तटतट उडायला लागली. आता हा माणूस टेबल उलटं करणार, असं मागच्या बाकाला वाटलं. नानांनी वळून बायकोकडे पाहिलं. काकूंनी फक्त हात वर करून अंगठा दाखवला, आणि शिडी धरल्यासारखी दुसऱ्या हाताची मूठ आवळली.

नानांचा चेहरा हळूहळू निवळला. ते बाईंकडे वळले आणि अगदी गरीब आवाजात म्हणाले, "साहेबांचं बरोबर असणार. माझाच गोंधळ झाला. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवरचं 'खरं'चं टिंबच बघा ना. ते पोरांचंच काम. माझ्या भिंतीवर असलं बावळट टिंब यायचंच नाही."

किल्लीसाहेब खुर्चीत जरासे सरकले.

"एका बाजूला कललेलं," नाना पुढे म्हणाले. "वर ओघळ आलाय. कावळा बसून गेल्यासारखं दिसतं. ज्याने दिलं त्याच्या हाताला वळण म्हणून नाही. कुणीतरी अगदीच..."

"ओ नाना!" किल्लीसाहेब ताडकन उठले. "ओघळ आला तो तुम्ही रंग पातळ कालवला होता म्हणून! आणि तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, एवढं गोल टिंब आयुष्यात पाहिलं नाही?"

अधिकारी बाईंचं पेन कागदावर चालू लागलं.

"म्हणालो होतो," नाना म्हणाले. "सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणतो."

मग जे हसू फुटलं ते बाहेर रिक्षावाल्यांपर्यंत गेलं. अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला चष्मा पुसणं बरं पडतं. पुढे त्यांनी कारखान्याच्या मालकाला बोलावलं, त्याने शिडीवर कोण चढलं होतं ते सांगितलं. डबे कुणाच्या टेम्पोतून आले, हे त्यांनी नानांना विचारलं तेव्हा नाना गडबडले. "टेम्पो नाही बघितला हो. रंग बघितला." टेम्पोवरचं नाव काकूंनी सांगितलं. शिडी धरणाऱ्याला दुसरं बघायला असतं काय?

बाईंनी किल्लीसाहेबांना नियम सरळ शब्दांत सांगितला. "पैसे दिले असतील तर खर्च म्हणून लिहा. फुकट मिळालं असेल तर बाजारभावाने किंमत लिहा आणि देणाऱ्याचं नाव लिहा. पण प्रेमाने झालं म्हणून शून्य लिहायचं, असा रकाना आमच्या कागदात नाही."

सुधारलेला कागद फलकावर लागला त्या दिवशी नाना न्हाव्याकडे जाऊन आले होते. भिंतीवरील लेखन, खाली नानांचं पूर्ण नाव, पुढे त्यांचा धंदा, 'व्यावसायिक पेंटर'. नानांनी ते बोट ठेवून वाचलं. नंतर दुकानात जाऊन प्रत मागितली. काकू म्हणाल्या, "सुटे द्या." नवऱ्यालाही झेरॉक्स फुकट नाही. तिथेही शून्य लिहायची सोय नव्हती.

नानांच्या नावाखालीच दुसरी ओळ होती. रंगाचे डबे, देणगी म्हणून, त्या बांधकाम ठेकेदाराकडून. आपलं नाव वाचायच्या नादात नानांनी ती पाहिलीच नाही. गल्लीने पाहिली. गल्लीतल्या नव्या गटाराचं काम त्याच ठेकेदाराला मिळायच्या बेतात होतं. पुढच्या वॉर्डसभेत एका आजींनी उठून विचारलं, "का हो, आधी भिंत रंगवायची आणि मग गटार खणायचं, असा भाव ठरलाय का तुमचा?" त्या कामाच्या निविदा नव्याने काढाव्या लागल्या. किल्लीसाहेबांना दंड भरावा लागला. खुर्ची गेली नाही, पण आता सभेत खर्चाचा विषय निघाला की मागून कुणीतरी अंगठा वर करतं.

किल्लीसाहेब नानांना मध्यंतरी रस्त्यात भेटले. म्हणाले, "नाना, एक टिंब फार महागात पडलं."

"साहेब, अक्षरं माझी होती. टिंब तुमचंच."

दोघेही हसले. कामं गेली ती मात्र गेलीच. दोन उमेदवारांनी नानांना पुढच्या वेळी बोलावणार नाही असं कळवून टाकलं. तिसऱ्याने बोलावलं, पण आधी फलकावरचा दर वाचून आला. "किल्लीवाल्यांना या भावात, मग मला जास्त का?" नाना तासभर भांडले आणि शेवटी त्याच भावात तयार झाले. सगळं उघड झालं की आपलाही भाव उघडा पडतो, हे नानांनी शिव्या देत का होईना, मान्य केलं.

ग्रंथालयाची पाटी त्यांनाच मिळाली. समितीतले वकील स्वतः सांगायला आले होते. 'सार्वजनिक ग्रंथालय' एका ओळीत उभं राहिलं, 'ग्र'वरची जागा मोकळी ठेवून. ग्रंथपाल बाईंनी पाटी मोठ्याने वाचली, अंगठा बुडवला आणि टेकवला. नाना म्हणाले, "वा! एवढं गोल टिंब आयुष्यात पाहिलं नाही." काकू खाली शिडी धरून उभ्या होत्या. या वेळी नाना मनापासून बोलत होते, की सवयीने, हे त्यांनाही कळलं नाही.

आता तुमच्याकडे एकच मागणं. उद्या निवडणूक कार्यालयात जा. तुमच्या उमेदवाराचा खर्चाचा कागद मागा, तो तुमचाच आहे. कुणी बाहेर काढायला लागलं तर खुशाल भांडा. मग त्या कागदात तुमच्या गल्लीतली भिंत शोधा, आणि सापडली नाही, तर टिंब कुणी दिलं ते विचारल्याशिवाय घरी येऊ नका.