पदराखालचा पासवर्ड

“तिकडं बगा, भाऊजी!” असं म्हणून वहिनी कीबोर्डवर पदर टाकायच्या आणि पदराखाली बोटं चालवायच्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायचो. अहो, नाटक माझं, लिहिलं मी, आणि ते उघडताना मान फिरवायची तीही मीच!

तुमच्याही शेजारात अशी एखादी वहिनी असेल. ही आमच्या खोपोलीच्या कारखान्याच्या कॉलनीतली, मूळची कळंबची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवरा इंजिनीअर, आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. त्यांच्या परदेशातल्या भावानं घरी कॉम्प्युटर पाठवला. साहेब त्यावर पत्ते खेळायचे. वहिनी मात्र टायपिंग शिकल्या.

कॉलनीच्या गणपतीसाठी मी तीन अंकी नाटक लिहिलं. वहिनींनी ते उतरवून घेतलं, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण मशिनला मराठी येत नव्हतं. फ्लॉप्या महाग, म्हणून सगळ्या फायली आवळून एकीतच बसवायच्या, गोधड्या दाबून ट्रंकेत भराव्यात तशा. आणि वर पासवर्ड.

“वहिनी, नाटकाला कुलूप कशाला? कोण चोरतंय?”

“चोराचं नाय हो. उघडं ठेवलं की घरच्यांचं होतं. कुलूप लावलं की माजं.”

“अहो, पण नाटक माझं!”

“टायपिंग कुनी केलं?”

वर त्यांनी माझी वहीसुद्धा रद्दीत घालायला लावली. “कागद कशाला आता? हाय की हितं सगळं!” मी घातली. शहाणाच मी!

आणि ऐन श्रावणात वहिनी गेल्या. काविळीचं निमित्त झालं, बघता बघता सगळं आटोपलं.

गणपती तोंडावर आलेले. रडू येत होतं आणि खरं सांगतो, त्यांचा रागही येत होता. पासवर्ड सांगून तरी जायचं ना, बाई! साहेब आणि मी मशिनसमोर बसलो. साहेबांनी आधी मोठ्या ऐटीत स्वतःचं नाव घातलं. चुकलं. त्यांचा चेहरा बघवेना. मग मुलींची नावं, कुलदैवत, शेवटी वहिनींचं नाव. तेही चुकलं.

“इतकी वर्षं संसार केला, आणि मला तिचा एक शब्द माहीत नसावा?” साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

वहिनींच्या आईचा पाय मोडलेला, त्यामुळं तिला आधी येता आलं नव्हतं. तेराव्याला तिला कळंबहून टेंपोतून आणली. फोटो बघताच म्हातारीनं लेकीला नावानं हाक मारून हंबरडा फोडला. “बाय माजी, कशी गं गेलीस मला टाकून!” पण ते नाव भलतंच होतं. कॉलनीत कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

साहेब जागच्या जागी थिजले. “माहेरचं नाव,” ते पुटपुटले. “लग्नात तांदळावर अंगठीनं मीच दुसरं लिहिलं. हे पार विसरूनच गेलो होतो हो.”

पानं उठल्यावर आम्ही पुन्हा मशिनसमोर बसलो. नाव आता मलाही ठाऊक होतं, सगळ्या घरानंच ऐकलं होतं. मी हात पुढं केला, तो साहेबांनी धरला. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी कीबोर्डवर टाकला.

“तिकडं बघा,” ते म्हणाले.

पंच्याखाली बोटं अडखळत चालली. फ्लॉपी घरघरली आणि पडद्यावर भराभर ओळी उमटल्याचा उजेड भिंतीवर हलला. माझं नाटक उघडलं होतं. मी मात्र कॅलेंडरकडंच बघत राहिलो.