शीळताईंचा हेल

शीळ घालू नका, असं शीळताईंना सांगणारी माणसं आयुष्यात पुष्कळ आली आणि आली तशी गेली. पहिला मान आईचा. "मुलीच्या जातीला शोभत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. मग शाळेतल्या बाई, मग सासूबाई. एकदा तर बसमधले एक अनोळखी गृहस्थ मान वळवून डोळे वटारून बघायला लागले. शीळताईंनी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उरलेली शीळ पूर्ण केली आणि मग तिकीट काढलं.

शीळ वडिलांची. ते छापखान्यात होते. संध्याकाळी पाळी सुटली की गल्लीच्या तोंडाशी त्यांची शीळ ऐकू यायची. दोन सूर सरळ, आणि तिसरा वर चढत जाऊन हलकेच वळणारा, "आहात ना रे घरात?" असं विचारल्यासारखा. तो वळणारा सूर म्हणजे त्यांचा खास हेल. त्या वेळी गल्लीत माणसांचा लोंढा यायचा, सगळ्यांच्या हातांना शाई, सगळे सारखेच दमलेले. वरच्या खिडकीतून बघणाऱ्याला नवरा कोणता आणि शेजारी कोणता ते कळणं मुश्कील. आई खिडकीपाशी जायचीच नाही. दूध उतरवता उतरवता, मागेही न वळता म्हणायची, "आले." कधी चुकली नाही. मुलीनं ती शीळ उचलली तेव्हा मात्र तिला पसंत पडली नाही. पण नाक वडिलांचं चालतं तर शीळ का नाही, असा शीळताईंचा सवाल होता.

पुढे शीळताईंना प्राणिसंग्रहालयाच्या पक्षीगृहात नोकरी लागली आणि शिळेला रान मोकळं मिळालं. गमबूट चढवायचे, पाइपनं जमीन धुवायची, भांडी घासायची, उकडलेलं अंडं कुस्करून त्यात अळ्या मिसळायच्या, आणि हे सगळं शीळ घालत. पक्षी त्यांना दारात ओळखायचे. जे पिल्लू कुणाच्या हाताला लागत नाही ते यांच्या हातून जगतं, असा लौकिक झाला होता. तो लौकिक खरा आहे हे शीळताईंना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे त्या लपवतही नसत.

एकदा नदीपलीकडच्या डोंगरावरून एका पायमोज्यात गुंडाळलेलं पिल्लू आलं. झाड पडलं होतं, घरट्यातलं एवढंच वाचलं होतं. राखगळ्याचं पिल्लू. राखगळा म्हणजे मुठीएवढा पक्षी, अंग मातकट, नराचा गळा राखी. रस्त्यात दिसला तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण त्या एका डोंगराखेरीज तो कुठेच नव्हता, आणि तिथेही आता मोजकेच उरले होते. शीळताईंनी त्याला दिव्याच्या उबेत ठेवलं, चिमट्यानं घास भरवले, भरवताना शीळ घातली. पिल्लू जगलं. त्याचं नाव पडलं लाडोबा.

लाडोबाचा गळा राखी झाला आणि एका सकाळी त्यानं तोंड उघडलं. दोन सूर सरळ, तिसरा चढून वळणारा. हुबेहूब! शीळताई हातातला पाइप टाकून भिंतीला टेकून रडल्या. संध्याकाळी नवऱ्याला घेऊन आल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, थट्टेखोर. त्यानं ऐकलं, पटकन शर्टाची बटणं नीट केली आणि म्हणाला, "बाप रे, सासरे आले की काय!"

त्या दिवशी शीळताई जमिनीवर चालत नव्हत्या.

राखगळ्यांची वीण वाढवायची म्हणून संग्रहालयानं एक तरुण अभ्यासक बाई नेमल्या होत्या. पक्ष्यांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. सर्दीवर औषध मागायला गेलेले दोघेतिघे रिकाम्या हातानं परतले होते. डॉक्टरीणबाईंनी डोंगरावरून आणलेली मादी लाडोबाच्या शेजारी सोडली. लाडोबा गायला. मादीनं त्याच्याकडे पाठ केली आणि अळ्या खाल्ल्या. दुसरी मादी सोडली. तिनंही पाठ केली. लाडोबाचा घसा बसायची वेळ आली, पण कुणी ढिम्म हलेना.

"मुलींनाच काही कळत नसेल," शीळताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी एक यंत्र आणलं. त्यात डोंगरावरच्या नराचं गाणं होतं. ते लावताच मादीनं मान उचलली, पंख थरथरवले, शेपूट वर केली. मग लाडोबाचं लावलं. मादीनं पायानं डोकं खाजवलं.

"ताई, नदीच्या अलीकडच्या डोंगरावरही असाच एक पक्षी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिसं तीच, चोच तीच, गळाही राखी. जुन्या जाणकारांनी दोघांना एकच धरलं होतं. पण याच्या मादीला त्याचं गाणं ऐकवलं तर ती अशीच डोकं खाजवते."

"ते कसं काय?"

"कधीकाळी एकच होते ते. मध्ये नदी आली. हजारो पिढ्या एकमेकांच्या कानावरच पडल्या नाहीत. पोरगं गाणं शिकतं ते मोठ्यांचं ऐकून, आणि मादी नवरा निवडते तो गाणं ऐकून. गाण्यात जरा जरा फरक पडत गेला, इकडच्या माद्यांना इकडचं आवडत गेलं, तिकडच्यांना तिकडचं. ज्याचं गाणं आवडलं त्याचीच पिल्लं पुढे आली. असं होता होता दोन प्रजाती झाल्या. आम्ही पुस्तकात आत्ता वेगळ्या लिहिल्या; माद्यांनी फार आधीच ठरवलं होतं."

शीळताईंनी लाडोबाच्या जाळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचा लाडोबा कुठल्या जातीचा?"

"अंगानं राखगळा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "गळ्यानं तुमच्या."

त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं. पण शीळताईंना ते फार लागलं. आता त्याला खरं गाणं शिकवता येईल का, म्हणून विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. या पक्ष्याच्या कोवळ्या वयात कानावर पडतं तेच पक्कं होतं, मग बदलत नाही. म्हणजे ज्याला जीव लावून वाढवलं त्याचा जन्म आपल्याच शिळेनं बिनलग्नाचा काढायचा. शीळताई लाडोबाच्या जाळीपाशी गेल्या. त्यांना बघून तो लगेच गायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही.

पुढच्या मोसमात डोंगरावरून आणखी पिल्लं आणली गेली. तिथे आता नर इतके विरळ झाले होते की पोरांना ऐकायला कुणी थोरलाच मिळत नव्हता. ती भलत्याच पक्ष्यांची गाणी उचलायला लागली होती. या पिल्लांना खरं गाणं आलं नाही तर राखगळ्याचं गाणंच संपणार होतं, आणि गाणं संपलं की मागोमाग राखगळाही. म्हणून पिल्लांच्या शेजारी एक म्हातारा नर ठेवला. पंख मोडलेला, पण गळा शाबूत. त्याला सगळे बुवा म्हणायला लागले. आणि डॉक्टरीणबाईंनी शीळताईंना बाजूला घेतलं.

"पक्षीगृहात आता शीळ नको, ताई."

"आईला जमलं नाही, सासूबाईंना जमलं नाही. तुम्हाला जमेल म्हणता?"

"मला नाही जमणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला जमलं तर जमेल."

 लाडोबाला शीळताईंनी स्वतः उचलून कोठाराच्या मागच्या खोलीत हलवलं, म्हणजे त्याचा आवाज पिल्लांपर्यंत यायला नको. पण ओठ ऐकेनात. पाइप हातात घेतला की ते आपोआप गोल व्हायचे. मग त्यांनी तोंडात लिमलेटची गोळी ठेवायला सुरुवात केली. डबेच्या डबे संपले. जी साठलेली शीळ असेल ती घरी भांडी घासताना निघायची, आणि नवरा म्हणायचा, "आज कुकरला आणि तुला एकदमच शिट्ट्या यायला लागल्या."

बुवा रोज सकाळी गायचा. पिल्लं आधी नुसती ऐकायची, मग पुटपुटायला लागली, मग चाचपडत गायला लागली. त्यात नर एकच निघाला, सगळ्यांत लहान. त्याला धाकटा म्हणत. त्याचा गळा राखी झाला तेव्हा डॉक्टरीणबाई यंत्र घेऊन बसल्या. धाकटा गायला. बुवाची पहिली ओळ, बरोबर. दुसरी, बरोबर. तिसरी, बरोबर. आणि शेवटी एक सूर, चढत जाऊन हलकेच वळणारा.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र थांबवलं. "ताई, तुम्ही..."

"नाही."

"चुकून कधी..."

"डॉक्टरीणबाई, गोळ्या चघळून चघळून मी दातांची वाट लावून घेतलीय. नाही म्हटलं ना!"

आवाज चढला होता, पण आतून शीळताई हादरल्या होत्या. खरंच एखाद्या वेळी निसटली असेल का? शिळेची सवय अशी की घालणाऱ्यालाच पत्ता नसतो. डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरीणबाईंसमोर ते यावं याचा त्यांना भयंकर राग आला.  दुपारची वेळ, हवा खेचणारा पंखा साफ करण्यासाठी बंद केलेला. त्या शांततेत भिंतीवरच्या पत्र्याच्या नळातून, लांबून, बारीक आवाज आला. दोन सूर सरळ, तिसरा चढून वळणारा.

हवेचा तो नळ कोठारामागच्या खोलीपर्यंत गेला होता. पंखा चालू असला की त्याच्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही. बंद केला की लाडोबा थेट पिल्लांच्या कानात. पंखा रोज दुपारी साफ व्हावा हा आग्रह शीळताईंचाच. डॉक्टरीणबाई स्टुलावर चढल्या, नळाला कान लावला आणि तशाच वरून म्हणाल्या, "माफ करा, ताई."

"ते राहू द्या. याचं आता काय?"

"प्रत्येक नराच्या गाण्यात स्वतःची थोडी लकब असतेच. एवढी चालते की नाही, ते मी नाही ठरवू शकत. ती ठरवेल."

मादी सोडली त्या सकाळी दोघी फळीच्या भोकाला डोळे लावून बसल्या. धाकटा समोरच्या फांदीवर गेला, गळा फुगवला आणि सुरू झाला. पहिल्या ओळीला मादीची अळी चोचीतच राहिली. दुसरीला तिनं मान वळवली. तिसरी झाली, आणि मग तो हेल आला. मादी एकदम स्तब्ध झाली.  धाकट्यानं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा शेवटी तोच हेल, या वेळी आणखी लांबवून. मादीची अळी खाली पडली. तिचे पंख थरथरायला लागले.

"पसंत!" शीळताई ओरडल्याच. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, आणि मग स्वतःच हसत सुटल्या.

अंडी झाली, पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. नळावर जाडजूड जाळी बसली. लाडोबाला पार पलीकडच्या टोकाच्या इमारतीत स्वतंत्र घर मिळालं. तिथे जेवणाच्या सुट्टीत शीळताई गोळी थुंकून त्याच्याशी मनसोक्त बोलायच्या. त्याला बायको मिळाली नाही, पण त्याच्या गप्पांत कधी खंड पडला नाही. म्हातारा होऊन गेला तो त्यांच्या हातातच.

नोकरी संपायच्या वर्षी डॉक्टरीणबाई शीळताईंना डोंगरावर घेऊन गेल्या. पक्षीगृहातून सोडलेले राखगळे तिथे रुळले होते, त्यांची घरटी झाली होती. चढताना शीळताईंना चांगलाच दम लागला. त्या एका दगडावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण पुढे केली तर म्हणाल्या, "ठेवा तुमच्याकडे. माझे डोळे गेले, कान आहेत."

वरच्या झाडातून गाणं सुरू झालं. बुवाची पहिली ओळ. दुसरी. तिसरी.

"हा इथेच जन्मलाय," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "यानं ना तुम्हाला ऐकलंय, ना लाडोबाला. आता सगळेच असं गातात. उद्या कुणी अभ्यासाला आलं तर या डोंगराची बोली म्हणून लिहील."

शीळताई पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होत्या.  मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणणाऱ्या आईला आत्ता इथे आणून बसवावं असं त्यांना वाटलं. तेवढ्यात वरून तो सूर आला, चढत गेला आणि हलकेच वळला. शीळताईंनी वर पाहिलं नाही. झाकण घट्ट करता करता, मागेही न वळता, त्या म्हणाल्या, "आले."