साखरेची आठ पिकं

सासूबाईंना अजूनही वाटतं, सून कुठेतरी शेतावर जाते. कारण संध्याकाळी चपला काढता काढता ती सांगते, "आज पीक झकास आलं," नाहीतर, "आज पिकात नुसता गोंधळ." सासूबाई काळजीनं विचारतात, "पाणी नीट दिलं होतं ना?" आणि नवरा तोंडावर पेपर धरून हसत बसतो.

ही सून म्हणजे प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारी मावशी. चोवीस वर्षं हेच काम. नळी वीतभर लांब, पेन्सिलीहून बारीक. जोरात झटकली तर गेलीच. तळघरात माणसापेक्षा उंच चुंबक आहे. तिथे शिरायचं तर घड्याळ, किल्ल्या, केसांतल्या पिना बाहेरच्या डब्यात. नळीत काहीतरी विरघळवून ती चुंबकात सोडली, की पडद्यावर त्यातल्या हायड्रोजनचे सुळके उभे राहतात. त्या सुळक्यांना तिथे सगळे पीक म्हणतात. इंग्रजीतलं पीक, पण घरी कोण कोणाला समजावत बसणार!

यंदा डॉक्टरेट करणाऱ्या छोट्या मॅडम साखरेमागे लागल्या होत्या. चहातली असते तीच साखर. विरघळल्यावरही तिच्यातले हायड्रोजन कोणाला धरून राहतात का, हे त्यांना शोधायचं होतं. पाण्याऐवजी दुसराच द्रावक होता, थंडीत बाटलीतच थिजून बसणारा. "नळी हळूहळू तापवायची, मावशी. ऊब लागली की पिकं उजवीकडे सरकतात. पण ज्या हायड्रोजननं शेजारचा ऑक्सिजन धरलाय, त्याचं पीक कमी सरकतं."

"माझ्या जाऊबाईसारखं. घरात पाहुण्यांची ही गर्दी झाली, तरी सोफ्याचा कोपरा काही सोडायच्या नाहीत."

तेव्हापासून मावशीला चैन नव्हतं. साखरेतली जाऊबाई कोण, ते तिला बघायचं होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात पिकं गेली. साखरेत असे धरून राहू शकणारे हायड्रोजन आठ, नेमकी त्यांचीच. पडद्यावर एकही नाही. बाकीचे सुळके मात्र जागच्या जागी. छोट्या मॅडम रडकुंडीला आल्या. "धुताना नळीत ॲसिड राहिलं असणार."

मोठ्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सोमवारपासून नळ्या बाहेर धुवायला देऊ. मावशी, तुम्ही स्टोअरमध्ये बसा. आरामाचं काम आहे."

आराम! स्टोअरमध्ये बाटल्या मोजायच्या आणि जाऊबाई कधीच दिसायची नाही. मावशी गेली आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, पिकांचा आलेख छापलेला एक पिवळा पडलेला कागद काढून आणला.

"माझ्या हातून नळीत ॲसिड राहिलं होतं, पहिल्याच वर्षी. आठवण राहावी म्हणून ठेवलाय. बघा, पिकं नाहीशी नाही होत. आडवी होतात, एकमेकांत मिसळून एक ढेकूळ होतं. तुमच्याकडे ढेकूळ कुठंय? रान साफ आहे."

"मग गेली कुठं?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"तेच विचारतेय मी. साखर सुकवली कशी?"

"नेहमीसारखीच," छोट्या मॅडम म्हणाल्या, "जड पाण्यात विरघळवून मग..." आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

त्यांच्या आधीच्या प्रयोगशाळेत ही आठ पिकं नकोशी असायची. म्हणून साखर जड पाण्यातून काढायची. पाण्यातला जड हायड्रोजन साखरेतल्या या आठ हलक्यांची जागा घेतो आणि पडद्यावर दिसत नाही. हाताला लागलेली सवय, दुसरं काय!

"म्हणजे कापणी तुम्हीच करून आलात," मावशी म्हणाली, "आणि मला विचारताय पीक कुठंय!"

मोठ्या मॅडम हसल्या आणि मग घाईघाईनं खोकल्या.

साखर पुन्हा सुकवली, जड पाण्याचा थेंबही न लावता. नळी तीच, मावशीनं धुतलेली. या वेळी आठही पिकं ताठ उभी राहिली. पाच-पाच डिग्रीनं ऊब वाढवली, तशी ती निघाली उजवीकडे. मोठ्या मॅडम मागून म्हणाल्या, "मावशी, ते सोमवारचं राहू द्या."

"थांबा हो, अजून पाच डिग्री."

सात पुढे गेली. एक मात्र जेमतेम हललं. मावशीनं काचेवर बोट ठेवलं. "ही बघा जाऊबाई!"

संध्याकाळी सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय गं, पाणी नीट दिलं होतं ना?"

"दिलं होतं हो, आई. पण जड दिलं, तिथंच चुकलं."