पाचवा हात

गेल्या वर्षी नऊ नोव्हेंबरला, सायंकाळी सात वाजता, पिकल्या केसांचा एक उंच डच गृहस्थ आखातातल्या अल मजाज वस्तीतील माझ्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात आला. त्याच्या हातातील कॅसेटची टेप तुटली होती.

"आमच्या बँडची, कधीच प्रसिद्ध न झालेली गाणी आहेत," तो इंग्रजीत म्हणाला. "दुसरी प्रत नाही."

बोलण्यापूर्वी तो दरवेळी उजवा हात खांद्यापर्यंत उचलत असे. ही कसली सवय, असे मी विचारले.

"आम्ही पाच जण होतो. सुरेल रॉक वाजवत असू. गाण्याच्या चालीपासून जेवणापर्यंत सारे काही हात वर करून ठरत असे. एकच रेकॉर्ड निघाली, ती खपली नाही. मग बँड थांबवायचा का, यावर मत घेतले. दोन विरुद्ध दोन झाले. ड्रम वाजवणारा मी उरलो होतो. माझा हात वर गेला. खलास."

"नंतर कधी ऐकलीत ही गाणी?"

"नाही, हबीबी. चांगली निघाली तर काय करू?"

मी टेप जोडून कॅसेट लावली. तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. गाणे चांगले होते. मी तसे बोललो नाही; कौतुक करणे मला जमत नाही.

गाणे संपले. तो वळला आणि सभेत विचारावे तसे त्याने विचारले, "पुन्हा ऐकावे, असे कोणाला वाटते?"

मी हात वर केला. थोड्या वेळाने त्यानेही केला.

मी दाराची पाटी फिरवून दुकान बंद केले आणि कॅसेट रिवाइंड केली.