माझी वीत आणि वसंताचं कुलूप

वसंता गेल्याचा फोन रत्नागिरीच्या इस्पितळातून आला, तेव्हा मी पडवीत कॉम्प्युटरसमोर बसून त्यालाच शिव्या घालत होतो. पडद्यावर आलं होतं, या फाईलमध्ये बदल करायची तुम्हाला परवानगी नाही. माझ्या घरात, माझ्याच मापांना... महिना होऊन गेला, राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. जमेल तेवढं बोलतो.

वसंता माझा धाकटा भाऊ, राजापूरला कचेरीत कारकून. मी चौथीत शाळा सोडली नि जन्मभर इथे नाटे गावात होड्या बांधल्या. कागदावर रेघ मारली नाही, मापं सगळी डोक्यात नि हातात. आता फायबरच्या होड्या येतात, लाकडाची कोण विचारत नाही. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा वसंता म्हणाला, "दादा, हे सगळं तुझ्याबरोबर जळायला नको. तू सांग, मी टाइप करतो." स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला नि जुना माझ्या पडवीत ठेवला. त्याने खोलीत लिहिलेलं मला इथे बसून वाचता यावं म्हणून. पण दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसेनात! चार दिवस हा खोलीतून पडवीत, पडवीतून खोलीत. वायफायचा डबा बंद केला, चालू केला, दोघांना एका गटात घातलं, पासवर्ड घातला, काढला. "दादा, तुझा कॉम्प्युटर मला ओळखच देत नाही." मी म्हटलं, "मेल्या, तू राजापुरास होतास तेव्हा मला कुठे देत होतास?" खूप हसला. चौथ्या दिवशी माझ्या पडद्यावर 'होडी' नावाचा फोल्डर उगवला, तर माझ्या बायकोला हाका मारमारून बोलावलं त्याने दाखवायला.

नि त्यात काय लिहिलेलं? नाळ, म्हणजे होडीचं पुढचं तोंड, पाच वीत. पुढे कंसात पंचेचाळीस इंच. माझी वीत दहा इंच भरते! त्या मापाची होडी पहिल्याच लाटेत तोंड खुपसेल. तर म्हणतो, "वीत नऊ इंचांचीच, पुस्तकात आहे." मी विचारलं, "पुस्तकाने किती होड्या बांधल्या?" ऐकेना. मग मीच एका बोटाने दुरुस्त करायला गेलो... दोन पानं उडाली. कबूल करतो, उडाली. दुसऱ्या दिवशी त्याने कुलूप घातलं. "दादा, हवं तेवढं वाच. हात लावू नको." मोठ्या भावाला! मी बोलणं टाकलं. तीन आठवडे. मग त्याच्या छातीत कळ आली. गाडीत बसायला जाताना पडवीच्या पायरीशी थांबला, म्हणाला, "दादा, आलो की उघडून देतो." मी पडद्यावरची नजर काढली नाही...

तेरावं झाल्यावर त्याची मुलगी माधवी म्हणाली, "काका, बाबांचा पासवर्ड मला ठाऊक आहे. एका मिनिटात देते परवानगी."

"तू कोण गो देणारी? त्याने देतो म्हटलंय."

"मग माप चुकीचंच राहू दे?"

झोंबलं ते. तिला म्हटलं, एक कोरा कागद आण. त्यावर पंजा ताणून ठेवला, सुतारकामाच्या पेन्सिलीने भोवती रेघ ओढली, खाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'ही वीत'. कागद वसंताच्या कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवलाय. कोणाला होडी बांधायची असेल त्याने आधी हा हात मोजावा, मग फाईल वाचावी.

त्याचा कॉम्प्युटर चालू असल्याशिवाय माझ्या पडद्यावर फोल्डर दिसत नाही. म्हणून रोज सकाळी त्याच्या खोलीत जाऊन बटण दाबतो नि पडवीत येऊन बसतो. पंचेचाळीस खोडून पन्नास करतो, सेव्ह करायला जातो. तेच येतं, परवानगी नाही. मेल्या, देतो म्हणाला होतास ना...