मास्तरांचा बांबूचा माणूस

नकार पचवण्याच्या बाबतीत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांचा हात धरील असा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात नव्हता. नागपूर तेव्हा प्रांताची राजधानी होती आणि तिथे दर उन्हाळ्यात विज्ञानशिक्षकांची परिषद भरे. त्या परिषदेत मला यंत्रमानवावर वर्ग घेऊ द्या, असा प्रस्ताव मास्तर आरमोरीहून दरवर्षी धाडत आणि परिषद तितक्याच नेमाने तो परत धाडी. मी मराठी शिकवत असल्यामुळे तो सुवाच्य लिहून देण्याचं काम माझ्याकडे होतं. सकाळी व्याख्यान, दुपारी प्रात्यक्षिक, असा साधाच बेत. घोडं पेंड खाई ते साहित्यापाशी. मास्तर परिषदेकडे हिरवे बांबू, अंबाडीची दोरी, गुडघाभर चिखल आणि एक वाहता पाट मागत. वर 'प्रत्येक शिक्षकाने घरून विळा आणावा' अशी तळटीप. सभागृहात पाट कुठून आणायचा त्यांनी, असं मी एकदा विचारलं, तर माझी कीव आल्यासारखे म्हणाले, "मंग यंत्रमानव काय हवेवर चालते का, भाऊ?" पाट जसाच्या तसा प्रस्तावात राहिला.

हा यंत्रमानव तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभा असे. अंगानं माझ्याएवढा, सगळा बांबूचा. त्याच्या पाठीत एक पोकळ बांबू आडवा बसवला होता. पाटाचं पाणी त्यात भरत आलं की बांबू कलंडे, दोरी ताणली जाई आणि माणूस कमरेत वाकून हातातला धानाचा पऱ्हा, लावणीचं रोप, चिखलात खोची. पाणी सांडून गेलं की पुन्हा ताठ. पऱ्हा तो उलटा खोची, म्हणजे शेंडा चिखलात आणि मुळं आभाळाकडे. पण वाकणं हे मूळ शास्त्र आहे, खोचणं काय, मागाहून येईल, असं मास्तरांचं मत होतं. शेजारच्या बांधीत पऱ्हे लावत रोवणा करणाऱ्या बाया कंबर सरळ करायच्या निमित्तानं येऊन बघत. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमचा मानूस वाकते त बेस, पन गाना नाई म्हनत. गान्याबिना रोवना होते का कुठी?" मास्तर त्या विचारात आठवडाभर नीट जेवले नाहीत.

सांगून शिकवणं त्यांना पापासारखं वाटे. "करून पाहा ना जी!" हे त्यांचं पालुपद. कुणी वाट विचारली तर हातात काटकी देऊन त्यालाच जमिनीवर नकाशा काढायला लावत. शाळातपासणीला साहेब आले, तेव्हा मास्तरांनी नमस्काराच्या आधी त्यांच्या हाती विळा दिला आणि यंत्रमानवाच्या गुडघ्याचा सांधा तासायला बसवलं. साहेबांचा अंगठा चांगलाच कापला. त्या वर्षीच्या शेऱ्यात विज्ञानाबद्दल एक चांगला शब्द नव्हता. त्यांच्या घरी गेलं की वहिनी चहा ठेवता ठेवता तक्रार करत, "भाऊ, घरचा कुड मोडून पडला, त्याले बांबू नाई. आन त्या मानसाले नवे पाय लागून राह्यले."

हसण्यासारखंच होतं सगळं, आणि आम्ही हसायचोही. पण सेवानिवृत्ती एका उन्हाळ्यावर आली तेव्हा मास्तर पाटाच्या काठी बसून म्हणाले, "भाऊ, मले मान नाई पायजे. हे कसं करतेत ते दुसऱ्या कोन्या हाताले आलं पायजे. नाई त माह्यासंगच जाते हे." त्या दिवशी मी हसलो नाही.

नेमका त्याच वर्षी परिषदेचा नरमाईचा जबाब आला. पाट आम्हांस आणता येत नाही, तेव्हा वर्ग तुमच्याच गावी घ्या. आमचे एक सदस्य पाहायला येतील. लोक स्वतःच्या हातांनी काही घडवताना दिसले, तर पुढल्या परिषदेत तुम्हांला जागा. मास्तरांनी मंडईचा दिवस धरला. दिवाळीनंतरच्या या जत्रेला आमच्याकडे घरोघर पाहुणे असतात, तेव्हा माणसांची वाण पडणार नाही हा हिशेब. बांबूचे ढीग रचले, शाळेतले विळे धार लावून मांडले. चूक एकच झाली. ऊन लागून दोऱ्या ताणतात म्हणून त्यांनी यंत्रमानवामागे वहिनींचं लुगडं आडवं बांधलं. आमच्या या नाटकवेड्या झाडीपट्टीत जिथे पडदा लागला तिथे नाटक, हे तान्ह्या पोरालाही कळतं. सकाळपासूनच लोकांनी जागा धरायला बांधीत पोती अंथरली.

दुपारी अशी गर्दी लोटली की मास्तरांचे डोळे भरून आले. नागपूरचे सदस्य खुर्चीवर बसले. मास्तर सांधा समजावू लागले. लोक ही नांदी समजून शांतपणे ऐकत होते. मग पाणी सुटलं, बांबूचा माणूस वाकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "वन्समोर!" मास्तरांना वाटलं, लोकांना पुन्हा शिकायचंय. त्यांनी उत्साहानं सगळे सांधे सोडले, पुन्हा जोडले, "आता तुमी या, करून पाहा ना जी" म्हणून विळा पुढे केला. कुणी हलेना. नटाच्या हातातलं सामान प्रेक्षकानं कसं घ्यायचं? पुन्हा वाकणं, पुन्हा वन्समोर. कुणीतरी यंत्रमानवाला झेंडूचा हार घातला. शेवटी मागून आवाज आला, "मास्तर, राजा कवा येते?" राजा येत नाही असं कळल्यावर पोती झटकून लोक दंडारीच्या नाचगाण्याकडे गेले. बांबूंचे ढीग जसे रचले तसेच होते. सदस्य गृहस्थ भले, जाताना म्हणाले, "करमणूक उत्तम झाली." त्यांनी परिषदेलाही तेच कळवलं असणार, कारण जागा मिळाली नाही.

उन्हाळ्यात मास्तर निवृत्त झाले. यंत्रमानव शेजारच्या गावच्या नाटकमंडळीनं मागून नेला, राक्षस म्हणून. पाटाऐवजी मागून घागरीनं पाणी ओतून ते त्याला वाकवत आणि लोक खूश होत. पुढल्या मंडईला मी आणि मास्तर ते नाटक बघायला गेलो. दुसऱ्या अंकात आत कुठेतरी दोरी तुटली आणि राक्षस अर्धवट वाकून राहिला. मंडळीतले दोघे-तिघे धावले. त्यांनी त्याला हलवलं, थोपटलं, घागरभर पाणी ओतलं. कुठे हात घालायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अखेर त्याला तसंच उचलून आत नेलं.

मी म्हटलं, "मास्तर, जा ना. तुमच्या हातचं दोन मिनिटांचं काम आहे."

ते उठले नाहीत. रिकाम्या रंगमंचाकडे बघत म्हणाले, "मी करून देईन जी. पन मी करतानी पाहाले कोनी येते का, ते विचारून या तुमी."

मी आत जाऊन विचारलं. ते सगळे तिसऱ्या अंकासाठी तोंडं रंगवत होते.