बहुतेक चालत नाही

'बहुतेक' हा शब्द आयुष्यात एकदाही चालवून न घेतलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांची नोकरी काय, हे सासुरवाडीत आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तिथल्या रुग्णांबद्दल जे लिहून ठेवलेलं असतं, ते इथे एसीत बसून वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड लावायचा. त्यातही दाजींकडे हृदय, आणि हृदयातलंही फक्त वायरिंग. "हृदयाला नळ्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण करंट असतो हे कुणी लक्षातच घेत नाही," असं ते लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून सांगत. वरून निघालेला करंट खाली उशिरा पोचला तर एक कोड, अधूनमधून पोचलाच नाही तर दुसरा, मुळीच पोचला नाही तर तिसरा. डावी वायर वेगळी, उजवी वेगळी. वाढपी बिचारा ताट घेऊन उभा, आणि मी शेजारी लाजेने मान खाली घालून मीठ मोजत बसलेला.

दाजींचे नियम दोन. पहिला, लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. दुसरा, कोडरने अंदाज करायचा नाही. डॉक्टरने लिहिलं असेल तेवढंच खरं. हे नियम ऑफिसात शोभले असते, पण दाजी ते खिशात घालून गावभर हिंडत. पंचवटीच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "आजचीच हाय, बहुतेक," तर हे पिशवी मिटून म्हणणार, "बहुतेक चालत नाही." कुणाचा गुडघा दुखला की आधी "डावा की उजवा?" आणि मग "पहिल्यांदा की पुन्हा?" एकदा ओझरला एका नातेवाइकाकडे भेटायला गेलो होतो. कारखान्यातून रजा घेऊन आलेला मुलगा हुंदके देत म्हणाला, "हार्टनं गेले हो बाबा." दाजींनी त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि विचारलं, "हार्टचं नेमकं काय? लिहून काय दिलंय?" मुलगा रडायचा थांबला, आत जाऊन फाइल घेऊन आला. भरल्या घरात दाजींनी ती शेवटपर्यंत वाचली आणि माणूस गेल्यापेक्षाही मोठं दुःख झाल्यासारखी मान हलवली. "नेमकं काहीच लिहिलेलं नाही," ते म्हणाले. मी तोपर्यंत बाहेर चपला शोधायला गेलो होतो, आणि त्या सापडूनही बराच वेळ शोधत राहिलो.

माणूस मात्र मनाने मेणासारखा. रोज ज्यांच्या काळजाची तार न् तार वाचायची, त्यांतला एकही जण यांना ओळखत नाही, आणि फाइल पुढे गेली की त्याचं काय झालं हे कधी कळत नाही. नाव-गाव ते कधी सांगत नसत, पण चहा पिता पिता मध्येच थांबत. "एक म्हातारी होती हो. बसला असेल का तिला पेसमेकर?" असं विचारून ते माझ्याकडे असे बघत, की जणू मी तिच्या शेजारीच राहतो.

आमच्या सासूबाई मखमलाबादला राहतात. मळ्यातली मेथी-कोथिंबीर अजून स्वतः पंचवटीत नेऊन विकतात. एकदा आम्ही दोघे जावई जेवायला बसलेले असताना भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही रोज आजारपणं वाचता म्हणून इचारते. मधीच अंधारी येते बघा. लाइट गेल्यावानी व्हतं, न् लगेच येते बी."

दाजींचा हात ताटातच थांबला. "उभ्याने की बसल्या बसल्या?"

"जुडी बांधता बांधता, बसल्या जागी."

"आधी काही कळतं?"

"काय नाय कळत."

दाजींनी ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाले, "आई, हे लक्षण झालं. निदान करणं डॉक्टरांचं काम. मी काही म्हणू शकत नाही."

"उन्हाचं असंल," असं म्हणून सासूबाई हसल्या. उन्हाचंच असणार, असं आम्हा सगळ्यांनाही वाटलं.

त्याच आठवड्यात त्या बाजारात मेथीच्या ढिगावर कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "हार्ट ब्लॉक आहे. हृदयातला करंट खाली पोचत नाहीये. पेसमेकर बसवावा लागेल." सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. आता हे 'कितव्या डिग्रीचा?' म्हणून डॉक्टरांना धरणार, या धास्तीने मी आधीच मान खाली घातली होती. पण दाजींनी काहीच विचारलं नाही. नंतर जिन्यात ते भिंतीला टेकून उभे होते. "साडूभाऊ, मला ताटावरच कळलं होतं," ते म्हणाले. "असली वाक्यं मी रोज वाचतो हो. पुढं काय लिहिलेलं असतं तेही पाठ आहे. पण अंदाज करायचा नाही ना! ऑफिसातला नियम मी आईंच्या ताटात आणून वाढला." एवढं बोलून त्यांनी रुमालात तोंड लपवलं. शरमेने इतका लहान झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पेसमेकर बसला, सासूबाई घरी आल्या, हळूहळू मळ्यातही जाऊ लागल्या. दाजी मात्र मखमलाबादला फिरकेनात. बायकोला वळणावर सोडायचं आणि तिथूनच स्कूटर परत फिरवायची. सासूबाईंच्या नजरेतून ते कसं सुटेल? एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "धाकले जावई, चला, मला थोरल्यांकडं न्या." रिक्षाने गेलो. दाजींनी दार उघडलं आणि त्यांना बघून नजर थेट फरशीवर टाकली.

"घरी का येत नाय?" सासूबाईंनी मेथीची जुडी त्यांच्या हातात देत विचारलं.

"तोंड दाखवायची लाज वाटते, आई. मला कळलं होतं आणि मी बोललो नाही. चूक झाली माझी."

"झाली? कुठं लिहिलीय?"

दाजींनी फरशीवरची नजर वर उचलली.

"डागदरचे कागद मी लेकीकडून समदे वाचून घेतलेत. त्यात तुमचं नावसुदिक नाय. न् लिहिलं नाय म्हंजे झालं नाय. तुम्हीच सांगता ना समद्यांला?"

दाजी तिथेच मेथी मांडीवर घेऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. "पण मला माहितीये ना, आई," एवढंच ते म्हणत होते. सासूबाई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आता दाजी मखमलाबादला येतात. आले की आधी सासूबाईंचं मनगट हातात घेतात. कुणी नुसती जांभई दिली तरी "एकदा दाखवून घ्या" म्हणतात. डावा-उजवा विचारणं बंद झालंय. भाजीवाली "आजचीच हाय, बहुतेक" म्हणाली तरी निमूट जुडी उचलतात. इतकी वर्षं ज्यांच्यापायी मान खाली घातली, त्यांचं हे शहाणपण माझ्याच्याने बघवत नाही. परवा एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी बसलो होतो, समोरच्या रांगेत सासूबाई. जिलबीवाला जवळ आला तसं मी मुद्दामच मोठ्याने विचारलं, "दाजी, हृदयात करंट असतो म्हणे?" दाजींनी समोर सासूबाईंकडे पाहिलं. मग पानाकडे बघत हळूच म्हणाले, "असतो... बहुतेक." आणि त्यांनी जिलबीवाल्याला पुढे जाऊ दिलं.